तीन कादंबऱ्या आणि एक थोटकी पेन्सिल

गेल्या गणपतीतली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. शाळेत असताना निबंध लिहिताना तो विषय सोडून हमखास भलतीकडे जायचा, आणि गंमत अशी की, त्या भलतीकडचेच मला वाचावेसे वाटायचे. गुण मात्र मी नियमाप्रमाणे कापीत असे. आता तो काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितो. मोदक खाऊन झाले, इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि मग त्याने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

"सर, कादंबरी लिहिलीय. नोकरी सोडावी आणि लिहीतच बसावं म्हणतो. तुम्ही सांगाल तसं."

मी तोंड उघडण्यापूर्वीच स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, खरं काय ते सांगा हं त्याला!"

खरे काय सांगावे? माझ्या नावावर दोन कादंबऱ्या आहेत. पहिलीच्या उरलेल्या प्रती आमच्या पलंगाखाली आहेत. दर दिवाळीला साफसफाईच्या वेळी त्या बाहेर येतात, उन्हे खातात आणि पुन्हा आत जातात. दुसरीच्या प्रती कोठे आहेत ते प्रकाशकास ठाऊक. तिसरीचे हस्तलिखित एका प्रकाशकाकडे चौदा महिने राहून परत आले, तेव्हा सुतळीला मी मारलेली गाठ जशीच्या तशी होती. गाठ माझीच, हे मी पैजेवर सांगेन. गणपतीच्या माटवीला मारतो तशी दुहेरी गाठ मी मारली होती. सोबतच्या पत्रात मात्र, कादंबरी आस्थेने वाचली, असे लिहिले होते. ते पुडके मी कपाटावर ठेवून दिले, ते अद्याप सोडलेले नाही.

हे सारे त्या मुलाला सांगणे खरे झाले असते. पण पूर्ण खरे झाले असते का? मी त्याला म्हटले, "वही ठेवून जा. पंधरा दिवसांनी ये." तो गेल्यावर मी कपाटातून तीन जुनी पुस्तके काढली. एकेकाळी मुंबईच्या पदपथावरून घेतलेली आणि शब्दकोश उशाशी ठेवून वाचलेली. तिन्ही कादंबऱ्यांचे नायक लेखक आहेत आणि तिघेही उपाशी आहेत. मुलाला द्यायचे उत्तर त्यांत सापडते का ते मला पाहायचे होते. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. सणासुदीला भुकेची गोष्ट काढल्याबद्दल क्षमा असावी. पण हाती धरलेला हा अंकही अनेक लिहिणाऱ्यांच्या आशेवरच उभा आहे, हेही विसरून चालणार नाही.

पहिली कादंबरी नॉर्वेच्या क्नूत हाम्सुनची 'सुल्त', म्हणजे 'भूक'. ती १८९० साली प्रसिद्ध झाली. मी ती अर्थात इंग्रजी अनुवादातून वाचली. क्रिस्तियानिया शहरात, म्हणजे आजच्या ओस्लोत, एक तरुण भटकतो आहे. त्याला नाव नाही. तो वर्तमानपत्रांसाठी लेख लिहितो. एखादा छापून आला तर चार दिवस जेवतो, नाही तर लाकडाचा कपचा चघळतो. कथानक म्हणाल तर एवढेच. पण या एवढ्याशा सामग्रीतून हाम्सुनने माणसाच्या मनाचे जे दर्शन घडविले आहे, ते मोठमोठ्या कथानकांना घडविता आलेले नाही.

त्यातला एक प्रसंग पाहा. रस्त्यात एक म्हातारा भीक मागतो. आपल्या नायकापाशी कवडी नाही. तो धावत जाऊन अंगातले जाकीट गहाण टाकतो आणि आलेल्या पैशांतले त्या म्हाताऱ्याला देतो! मग त्याला आठवते, जाकिटाच्या खिशात आपली पेन्सिल राहिली. एवढीशी थोटकी पेन्सिल. ती आणायला तो पुन्हा सावकाराकडे जातो आणि त्याला ऐटीत सांगतो की, हिला साधीसुधी समजू नका. माझा तीन खंडांचा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ हिनेच लिहिला. ग्रंथ अर्थात कोठेच नाही. येथे आपण हसतो, आणि हसता हसता गप्प होतो. कारण ही थाप सावकारासाठी नसते, स्वतःसाठी असते. ज्याने कधी चार ओळी लिहून त्या कुणाला दाखविल्या आहेत, त्याला ही थाप ओळखीची वाटेल.

आणखी एक प्रसंग. राहायला जागा नाही म्हणून हा मनुष्य एका रात्री पोलिसचौकीचा आसरा घेतो. पण बेघर म्हणून नव्हे. आपण पत्रकार आहोत, घराची किल्ली विसरलो, असे तो ऐटीत सांगतो. सकाळी बेघर लोकांना जेवणाची चिठ्ठी मिळते. ह्या पत्रकारसाहेबांना ती कशी देणार? पोट आक्रोश करीत असते आणि साहेब मान ताठ ठेवून बाहेर पडतात. पुढे एक संपादक त्याला आपण होऊन विचारतो, काही पैसे आगाऊ हवेत का? हा म्हणतो, नको. पाहुण्याने चहाला नको म्हणावे तसे!

भूक माणसाला मारते ती एकटी नाही. तिच्या जोडीला माणसाचा ताठा असतो, हे हाम्सुनने जितके ओळखले तितके क्वचितच कुणी ओळखले असेल. पण या खेपेस मला एक निराळीच गोष्ट दिसली. हा मनुष्य सबंध कादंबरीभर काय लिहू पाहतो? कांटच्या तत्त्वज्ञानाचे खंडन करू पाहतो, मध्ययुगातल्या कथेवर नाटक लिहू पाहतो. त्याचा खरा विषय त्याच्या पोटात ओरडत असतो. तेवढ्या एकाच विषयावर तो लिहीत नाही. हाम्सुन स्वतः त्याच शहरात उपाशी राहिला होता. नायकाला जे सुचले नाही ते हाम्सुनला सुचले, म्हणून नायक शेवटी बोटीवर खलाशी होऊन निघून गेला आणि हाम्सुनची कादंबरी राहिली.

याच लेखकाला १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि याच लेखकाने दुसऱ्या महायुद्धात आपल्या देशाचा घास घेणाऱ्या नाझींची बाजू घेतली, पारितोषिकाचे पदक १९४३ साली गोबेल्सला पाठवून दिले. हे मी मुद्दाम सांगतो. दारिद्र्य भोगले की माणूस सोन्यासारखा उजळून निघतो, असे आपण सभांतून बोलतो. सोने उजळते हे खरे. माणसाचे तसे होतेच असे नाही.

दुसरी कादंबरी त्याच्या पुढच्याच वर्षीची, १८९१ ची. इंग्रज कादंबरीकार जॉर्ज गिसिंगची 'न्यू ग्रब स्ट्रीट'. ग्रब स्ट्रीट ही लंडनमधली खरीखुरी गल्ली. पोटासाठी पानामागून पान खरडणाऱ्या लेखकांमुळे ती इतकी बदनाम झाली की तिचे नाव म्हणजे शिवीच झाली. १८३० मध्ये त्या गल्लीचे नाव बदलले. पण गिसिंग म्हणतो, नाव बदलले तरी धंदा चालूच आहे.

हाम्सुनच्या कादंबरीत वीज चमकते; गिसिंगच्या कादंबरीत आषाढासारखे आभाळ सदा भरलेले. काही वाचकांना ती कंटाळवाणी वाटेल. पण संसारी माणसाला हीच कादंबरी अधिक झोंबते, कारण येथे लेखक एकटा नाही. त्याला बायको आहे, मूल आहे, घरभाडे आहे. एडविन रिअर्डन हा गुणी कादंबरीकार. त्या काळी इंग्लंडात कादंबरी तीन खंडांची असावी असा दंडक होता. तिची किंमत साडेएकतीस शिलिंग. एवढी महाग पुस्तके लोक विकत घेत नसत, फिरती वाचनालये घेत, आणि तीन खंड म्हणजे तीन वर्गणीदारांना एकाच वेळी देता येत. म्हणजे कलेचे माप वाचनालयाच्या फडताळाने ठरविलेले! रिअर्डनची गोष्ट एका खंडाची असली तरी तिला ताणून तीन खंड करायचे. तो रोज टेबलाशी बसतो, पाने मोजतो, फाडतो, पुन्हा लिहितो. शेवटी थकून तो इस्पितळात कारकुनी पत्करतो. आणि येथे त्याची पत्नी एमी त्याला सोडून माहेरी जाते. लेखकाची बायको होण्यात तिला अभिमान होता. कारकुनाची बायको होणे तिला सोसत नाही.

येथे वाचकांतल्या गृहिणींनी एमीवर लगेच रागावू नये. गिसिंगही रागावलेला नाही, आणि हाच त्याचा मोठेपणा. मूल मांडीवर घेऊन उद्याच्या दुधाची काळजी करणारी बाई आणि शब्दासाठी तळमळणारा पुरुष, दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. संसारातले पुष्कळसे दुःख एकाच्या चुकीने होत नाही, हे त्याने न बोलता दाखविले आहे.

रिअर्डनचा मित्र बिफेन. हा गरीब कारकुनांच्या शिकवण्या करून पोट भरतो. म्हणजे आमच्याच जातकुळीतला! एका सामान्य वाण्याच्या सामान्य आयुष्यावर तो कादंबरी लिहितो आहे. घराला आग लागते तेव्हा हा जीव धोक्यात घालून आत शिरतो आणि हस्तलिखित घेऊन छपरावरून निसटतो. पुस्तक छापले जाते. समीक्षक त्याला तुच्छ लेखतात. पुढे एके दिवशी बिफेन शांतपणे स्वतःचे आयुष्य संपवितो. रिअर्डन छातीच्या विकाराने मरतो. साहित्य हा धंदा आहे असे उघडपणे म्हणणारा जॅस्पर मिलवेन मात्र वर चढतो. तोच पुढे रिअर्डनवर स्तुतिपर लेख लिहितो, त्याची पुस्तके पुन्हा निघतात. आणि वारशाने श्रीमंत झालेल्या एमीशी लग्नही तोच करतो. मेलेल्या लेखकाच्या वाट्याला लेख, जिवंत लेखकाच्या वाट्याला घर. यापेक्षा कडू शेवट मी वाचलेला नाही.

आणि ही कादंबरी लिहिणाऱ्या गिसिंगला काय मिळाले? तिचे सगळे हक्क त्याने दीडशे पौंडांना विकून टाकले. पण तुलना येथेच थांबते. रिअर्डनला लिहिता आले नाही. रिअर्डनला लिहिता येत नाही हे मात्र गिसिंगने काही थोड्या महिन्यांत लिहून काढले. हाम्सुनप्रमाणेच त्यालाही आपला विषय घरातच सापडला होता.

तिसरी कादंबरी 'मार्टिन ईडन' जॅक लंडनची. पुस्तकरूपाने ती १९०९ साली निघाली. नायक अमेरिकेच्या ओकलंड शहरातला खलाशी. शिक्षण थोडे, अंगात ताकद अफाट. एका सुशिक्षित घरातल्या रूथच्या प्रेमात पडून तो वाचू लागतो, लिहू लागतो. माझ्याही नावापुढे पदवी नाही; त्यामुळे ग्रंथालयात रात्ररात्र शब्द घोकणारा मार्टिन मला सख्ख्या भावासारखा वाटतो. तो कथा पाठवितो, कथा परत येतात. सायकल गहाण, कोट गहाण, चांगला सूट गहाण. शेवटी त्याला वाटू लागते की, त्या तिकडे संपादक नावाचा मनुष्यच नसावा. एक यंत्र असावे, जे एका पाकिटातली कथा दुसऱ्या पाकिटात घालते आणि तिकीट चिकटवून परत पाठविते. हे वाचताना माझी नजर आपोआप कपाटावरच्या पुडक्याकडे गेली.

यंत्राची ही कल्पना गिसिंगच्या कादंबरीतही आहे, हा चमत्कारिक योगायोग. तेथे ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसलेली मेरियन नावाची मुलगी वडिलांसाठी लेख लिहून लिहून थकलेली असते. 'साहित्य-यंत्र' अशी काहीशी जाहिरात तिला दिसते, आणि तिला वाटते, माझ्यासारख्यांच्या ऐवजी पुस्तके लिहिणारे यंत्रच कुणी काढले की काय! आज तशी यंत्रे खरोखरच निघाली आहेत. आमच्या शाळेतली मुले त्यांच्याकडून निबंध लिहून आणतात. ते निबंध कधीच विषय सोडून जात नाहीत. म्हणूनच मला तो भलतीकडे जाणारा विद्यार्थी अधिक आठवतो.

मार्टिनची एक गोष्ट मात्र सर्व लेखकांनी मनोमन टाळ्या द्याव्यात अशी आहे. एका मासिकाने कथा छापून पाच डॉलर बुडविलेले असतात. हा पठ्ठ्या थेट कचेरीत जातो आणि खिसे झाडायला लावून ते वसूल करतो! मी एकदा एका दिवाळी अंकाच्या कचेरीत मानधन मागायला गेलो होतो. त्यांनी मला अंकाच्या दोन जादा प्रती दिल्या आणि मी आभार मानून परत आलो. ताकदीचा फरक, दुसरे काय!

कादंबरीचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका पटत नाही. यश एकदम कोसळते, तत्त्वचर्चा लांबते, लेखकाची लेखणी धावते. पण याच उत्तरार्धात ती जागा आहे जिच्यासाठी कादंबरी वाचावी. मार्टिन प्रसिद्ध होतो. ज्यांनी कथा परत पाठविल्या तेच त्या मागून घेतात. ज्यांनी दार लावले तेच जेवायला बोलावितात. मार्टिनच्या मनात एकच गोष्ट घोळत राहते: माझे काम तर तेव्हाच झालेले होते. उपाशी होतो तेव्हाच ह्या कथा लिहून झाल्या होत्या. तेव्हा कुणी एक घास दिला नाही. मग आता ही पंगत कुणासाठी? या प्रश्नाने तो आतून पोखरला जातो आणि शेवटी समुद्रात स्वतःला संपवितो.

मात्र एक घास कुणीच दिला नव्हता असे नाही. घरमालकीण मारिया, सात मुलांची गरीब आई. स्वतःच्या मुलांना पुरत नसताना तिने मार्टिनला आपल्यातले सूप आणि पाव दिला होता. त्याची कथा तिला वाचता आली नसती. पण रात्रभर दिवा जाळणारा हा मनुष्य कष्ट करतो आहे, एवढे तिला कळत होते. मार्टिनने पुढे तिच्या मुलांना बूट घेऊन दिले, तिला दुभत्याची जागा घेऊन दिली. मिळालेल्या पैशांचा त्याला आनंद झाला असेल तर तो तेवढ्यापुरताच.

येथे मला जॅक लंडनशी थोडे भांडायचे आहे. काम आधीच झालेले होते, हे मार्टिनने निराशेने म्हटले. मी तेच वाक्य आशेने म्हणेन. पाकिटात बंद असलेली कथा छापल्यानंतर चांगली होत नाही. चांगली असेल तर ती पाकिटातही चांगलीच असते. टाळ्या उशिरा आल्या म्हणून काम खोटे ठरत नाही, आणि आल्याच नाहीत तरीही ठरत नाही. मार्टिनने जगाचा खोटेपणा पाहिला. आपल्या कामाचा खरेपणा त्याच वाक्यात आहे, हे त्याला दिसले नाही.

आता आपल्याकडे वळू. ज्या १८९० साली 'भूक' निघाली, त्याच साली पुण्यात हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून येऊ लागली. हरिभाऊंचा चरितार्थ कादंबरीवर नव्हता. आनंदाश्रमाची व्यवस्था ते पाहत. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली आणि 'उल्का' व 'दोन ध्रुव' तेथे असतानाच लिहिल्या. नारायण सुर्वे यांनी गिरणीत राबून, शाळेत शिपाईगिरी करून कविता लिहिली. आणि ज्या १९०९ साली 'मार्टिन ईडन' निघाली, त्याच साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. मराठी लेखकाने भाकरी दुसरीकडे कमावली, आणि वर्षातून एकदा या अंकांतून तो फराळाच्या ताटापर्यंत पोचला. हा व्यवहार थोर नसेल, पण एमीला जी कारकुनी लाजिरवाणी वाटली तिला आमच्याकडे कुणी लाजले नाही, हे भाग्य लहान नव्हे.

पंधरा दिवस झाले आणि मुलगा आला. मधल्या काळात मी वही वाचली होती. पहिली सव्वाशे पाने पुण्यातल्या बंगल्यात घडतात. तेथे मोटारी आहेत, पियानो आहे. मुलगा पुण्याला फक्त एकदा गेला आहे. ही त्याची कांटच्या खंडनाची पाने! पुढे मात्र नायक गावी येतो, आणि वीसेक पानांत काजूचा कारखाना येतो. टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी गेलेल्या बायका, हाताला राख चोळणे, आणि त्यांतली एक तरुण पोर, जी बोटे सोलली म्हणून साखरपुड्याची अंगठी घालीत नाही. तेथे अक्षरही बदलले आहे, जणू हात थरथरला होता.

मी त्याला म्हटले, "नोकरी सोडू नकोस. आणि बंगला सोडून दे. ही वीस पाने ठेव, त्यांच्यापासून पुन्हा सुरू कर."

तो थोडा हिरमुसला. "सर, कारखान्याचं कोण वाचणार?"

उत्तर मला द्यावे लागले नाही. चहाचे कप घेऊन ही बाहेर आली. मी शाळेत गेल्यावर दुपारी तिने वही वाचून काढली होती, हे मला तेव्हा कळले. कप ठेवता ठेवता तिने विचारले, "काय रे, त्या अंगठीच्या पोरीचं पुढं काय होतं? लग्न होतं ना तिचं?"

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ते अजून लिहायचंय, काकू."

"मग लिही की. मी थांबलेय."

वही पिशवीत घालून तो निघून गेला. त्या रात्री मी स्टूल घेऊन कपाटावरचे पुडके खाली काढले. गाठ दुहेरी होती. सुटायला वेळ लागला. पहिले पान उलटले तेव्हा आतून कुणीतरी म्हणाले, "मोठ्यानं वाचा. मलाही ऐकू दे."